पंचवीस मिनिटांची कोंबडी

नोव्हेंबर सरता सरता वार्डोत सूर्य यायचा थांबतो.
सकाळी दहाच्या सुमारास समुद्राच्या कडेला
शाईचं बोट पुसल्यासारखं काहीतरी निळं दिसतं,
साडेबाराला तेही धुऊन निघतं.
दिवस बुडाला म्हणायचं, तर आधी तो उगवायला हवा.

या गावात बसून रांगफ्रीद हिशेब तपासते
रोस्टॉकच्या एका टाइल कंपनीचे.
पांढऱ्या टाइल्स, निळ्या किनारीच्या टाइल्स,
वाटेत फुटलेल्यांची भरपाई.
टाइल तिनं एकही हातात धरलेली नाही.

टेबलावर आईची कोंबडी,
म्हणजे अंडी उकडायचा टायमर, पिवळ्या प्लॅस्टिकचा, चोच उडालेला.
मान पिरगाळली की पंचवीस मिनिटं टिकटिक,
मग किरकिर.
मग पाच मिनिटं उठायचं, पाठ ताणायची, खिडकीबाहेर बघायचं.
खिडकीबाहेर खिडकीच असते:
तिचाच चेहरा, मागे दिवा.

सुरुवातीला सगळं नीट मांडलं होतं तिनं.
भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या. फोन पिठाच्या डब्यात.
पण सूर्य नसला की आठवडा सैल पडतो
नाडी सुटलेल्या पायजम्यासारखा,
सोमवार घसरून मंगळवारात जातो,
रात्रीचे तीन नि दुपारचे तीन
एका तोंडवळ्याचे जुळे भाऊ.

कंपनीच्या यादीत तिच्या नावापुढे हिरवा ठिपका.
माउस सात मिनिटं हलला नाही की पिवळा.
कॉफी सांडली तेव्हा झाला.
आईचं कपाट रिकामं करत होती तेव्हा तर
दीड तास पिवळाच.
रोस्टॉकहून विचारणा आली: सगळं ठीक?
तिनं लिहिलं, इंटरनेट गेलं होतं.

वेळ तिनं खूप वाचवला.
वाचवलेला तो कुठे जातो, कळलं नाही.
आणि ती वेळ, जेवायची, उठायची, पुरे म्हणायची,
ती आलीच नाही;
तिला कुणी बोलावलंच नव्हतं.

बाप येतो, ऑडमुन, दारात बुटांचा बर्फ झटकत.
हातांना हेरिंगचा वास.
"उरकलं?"
"आज एकशे बारा झाले."
"एकशे बारा काय?"
ती शब्द शोधते. पडद्याकडे बोट करते,
पडदा तेवढ्यात झोपलेला.
बाप खुर्ची ओढतो.
"माझ्याकडे चारशे गळ. एकेकाला आमिष लावायचं,
दोर वेटोळून टबात. टब भरला की मी घरी.
तुझा टब कुठेय?"

ती चिडली. बापाला यातलं काय कळतं.
रात्री कोंबडीची मान जरा जास्तच पिरगाळली,
आत कट्‌ झालं.
इतकी शांतता, की बंदरातल्या बोटीचं इंजिन
घरात आल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ती कोट चढवून बाहेर पडली.
मासे वाळवायचे दांडे रिकामे, वारा त्यांतून आरपार.
निळं दिसलं. नेहमीपेक्षा थोडं रुंद,
की नुसतंच तिला पाहायला फुरसत होती.
परतली तेव्हा पडद्यावर चौकोन:
एकतीस मिनिटे अनुपस्थित, कारण द्या.
तिनं टाइप केलं, उजेड.
मग खोडलं. मग परत टाइप केलं.

आता टेबलाखाली बापाचा जुना टब आहे, कडेला गंजलेला.
एक हिशेब तपासून झाला की एक सुका वाटाणा.
टप्प.
तळ झाकला की लॅपटॉप बंद,
रोस्टॉकमध्ये काहीही पेटो.
एखाद्या वाईट दिवशी एका हिशेबाला ती दोन टाकते,
कधी मूठभर.

संध्याकाळी (संध्याकाळ म्हणायचं, इतकंच)
ऑडमुन टब उचलून बघतो.
वजन त्याला बरोबर कळतं.
बोलत नाही.